गुडघ्यातली गादी आणि विल्यम हंटर

आमची ताई आष्ट्याला असते. मागच्या मार्गशीर्षात तिनं मला फोन करून विचारलं, की मुदत ठेव मुदतीआधी मोडली तर व्याजाला किती फटका बसतो. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला घरची माणसं निवृत्तीनंतरही असलेच प्रश्न विचारतात. कादंबऱ्यांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. मी दंडाचा दर सांगितला आणि जुन्या सवयीनं पैसे कशासाठी हवेत तेही विचारून घेतलं. तेव्हा कळलं, की ते गुडघ्यासाठी हवे होते.

ताईचं वय अडुसष्ट. दिवाळीत फराळाला दोन दिवस जमिनीवर बसली आणि उठताना उजवा गुडघा कुरकुरला, तो कुरकुरतच राहिला. देवापुढे मांडी घालता येईना, माडीवर चढताना कठड्याचा आधार लागायला लागला. मग तिला मिरजेला नेलं. आमच्याकडे दुखणं जरा मोठं झालं की मिरजच. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथं मिशनचं इस्पितळ उघडलं, तेव्हापासून कृष्णाकाठच्या माणसाच्या पायाला ती वाट माहीत आहे. तिथल्या डॉक्टरांनी ताईला उभं करून एक्स-रे काढला. सांध्यातली फट आतल्या अंगाला जराशी कमी झाली आहे, गादी झिजायला नुकती सुरुवात आहे, घाबरायचं कारण नाही, असं सांगून त्यांनी मांडीच्या स्नायूंचे चार व्यायाम लिहून दिले आणि आठ किलो वजन उतरवायला सांगितलं. ताईचा विरस झाला. एवढी एसटी बदलून गेल्यावर निदान एक इंजेक्शन तरी मिळायला हवं होतं, अशी तिची साधी अपेक्षा.

त्यानंतर कुणी तरी तिच्या हातात एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका दिली. दूरच्या एका मोठ्या शहरातला दवाखाना. कमरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करायच्या, आपल्याच रक्तातले ग्रोथ फॅक्टर म्हणजे वाढीला चालना देणारे घटक त्यांच्या जोडीला घ्यायचे आणि सगळं सुईनं गुडघ्यात सोडायचं. गादी नव्यानं उगवते, असं त्यात ठळक अक्षरांत छापलेलं होतं, आणि खाली दोन गुडघ्यांची चित्रं : एक आधीचा, एक नंतरचा. खर्चाचा आकडा ताईच्या ठेवीच्या रकमेशी जवळजवळ जुळत होता. मी तिच्याकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी तारण बघून यायची माझी जुनी खोड. इथं ताईचा गुडघा तारण होता, म्हणून वाचायला बसलो. वाचता वाचता २४० वर्षांपूर्वी वारलेला एक माणूस भेटला आणि पंधरा दिवसांतले दहा त्यानंच खाल्ले.

त्याचं नाव विल्यम हंटर. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हंटर म्हटलं की बहुधा त्याचा धाकटा भाऊ जॉन आठवतो, शस्त्रक्रियेला शास्त्राची बैठक देणारा, देवीची लस काढणाऱ्या जेन्नरचा गुरू. पण गुडघ्यातल्या गादीची गोष्ट थोरल्यापासून सुरू होते.

स्कॉटलंडमध्ये ईस्ट किलब्राइड गावाजवळ लाँग काल्डरवुड नावाचं शेत होतं. तिथं २३ मे १७१८ रोजी विल्यम जन्मला. दहा भावंडांतला सातवा. त्यांतली बरीचशी बालपणी किंवा ऐन तारुण्यात गेली. घरची शेती बेताची, बाप करारी आणि देवभोळा. हुशार पोराला धर्मोपदेशक करायचं ठरवून त्याला तेराव्या वर्षी ग्लासगोच्या विद्यापीठात घातलं. पाच वर्षं तिथं काढून विल्यम परत आला तो पाद्री होण्याची इच्छा गमावूनच. आपल्याकडेही भटपणासाठी वेदशाळेत धाडलेली मुलं भलतीकडेच गेल्याच्या कथा घरोघर आहेत, त्यातलीच ही एक.

पुढं १७३७ मध्ये तो हॅमिल्टन गावच्या विल्यम कलन या डॉक्टरकडे उमेदवारीला राहिला. हा कलन पुढं एडिंबरोचा नामांकित प्राध्यापक झाला, पण तेव्हा खेड्यातला वैद्यच होता. गुरुशिष्यांचं असं जमलं, की पुढं आयुष्यभर हंटर त्या तीन वर्षांना आपल्या सुखाचे दिवस मानत असे. दोघांनी करार केला. विल्यमनं एडिंबरो आणि लंडनला जाऊन शिकून यावं, मग हॅमिल्टनला भागीदारीत दवाखाना चालवावा. १७४० मध्ये तो लंडनला पोचला आणि करार तिथंच बारगळला. आधी तो स्मेली या सुईणविद्येतल्या जाणकाराकडे उतरला आणि लगेच पुढच्या वर्षी जेम्स डग्लस या शरीररचनाकाराच्या घरी गेला. डग्लस हाडांवर मोठा ग्रंथ लिहीत होता. त्याला विच्छेदनाला नाजूक हाताचा मदतनीस आणि मुलाला शिकवणी हवी होती. दोन्ही कामं विल्यमला मिळाली. गावाकडे म्हातारा बाप आजारी होता, पोरानं परत यावं म्हणून झुरत होता. कलननं मोठ्या मनानं शिष्याला करारातून मोकळं केलं, बापाला मात्र ते जमलं नाही. १७४१ मध्ये बाप वारला तेव्हा विल्यम लंडनमध्येच होता. त्याच्या चरित्रातला हा भाग मी दोनदा वाचला. नोकरीच्या बदल्यांत बाहेरगावी असताना वडील गेलेले माझ्या पिढीतले बँकवाले थोडेथोडके नाहीत.

पुढच्याच एप्रिलमध्ये डग्लसही गेला. पण त्याच्या घरानं विल्यमला पोटच्या मुलासारखं ठेवून घेतलं. त्याच घरात राहून, डग्लसच्या हाडांच्या नादातूनच, त्यानं तो निबंध लिहिला ज्याच्यासाठी मी हे सांगतो आहे. जून १७४३ मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. विषय सांध्यातल्या कूर्चेची रचना आणि तिचे विकार. लेखकाचं वय पंचवीस.

कूर्चा म्हणजे आपण जिला बोलीत गादी म्हणतो ती. हाडांच्या टोकांवर चढवलेला, ओल्या शंखासारखा पांढरा, गुळगुळीत थर. गुडघ्यात त्याची जाडी साधारण दोन ते चार मिलिमीटर. हंटरला दिसलं, की हा थर म्हणजे नुसता लगदा नाही. हाडापासून वर उभे राहिलेले असंख्य आखूड, एकमेकांना चिकटून असलेले तंतू, मखमलीच्या कापडावर लव उभी असते तसे. दाब आला की लवतात आणि दाब निघाला की पुन्हा उभे राहतात. हाताशी धड सूक्ष्मदर्शकही नसलेल्या काळातलं हे निरीक्षण आहे. बेनिंगहॉफ नावाच्या जर्मन शरीररचनाकारानं १९२५ मध्ये दाखवलं, की हे तंतू वर जाऊन कमानीसारखे वळतात आणि पृष्ठभागाला समांतर होतात. पण खालचा उभा भाग हंटरनं सांगितला तसाच निघाला.

त्यानं दुसरी गोष्ट पाहिली ती रक्ताची. सांध्याच्या कडेला रक्तवाहिन्या येतात, कूर्चेच्या काठाशी एक वर्तुळ करतात आणि तिथूनच माघारी वळतात. गावात एसटी वेशीपर्यंतच यावी, आत गल्लीत शिरू नये, तसं. कूर्चेच्या आत रक्त नाही आणि मज्जातंतूही नाहीत. म्हणूनच ती झिजत असताना बराच काळ काहीच कळत नाही. कळतं तेव्हा दुखत असतं ते खालचं हाड आणि भोवतालचं अस्तर.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे हा निबंध आजही सांध्यांच्या पुस्तकांत पहिल्या पानावर आढळतो. कूर्चेला जखम झाली तर ती मोठी पीडा देते, आणि ती एकदा नष्ट झाली की पुन्हा भरून येत नाही, असं त्यानं स्वच्छ लिहून टाकलं. आपण नवं काही सांगतो आहोत असा आव आणला नाही. हिपॉक्रेटिसच्या काळापासून सगळे हेच मानत आले आहेत, हेही नोंदवलं. फरक इतकाच, की आधीच्यांनी ते अनुभवानं मानलं होतं, हंटरनं कारणाच्या जवळ नेऊन ठेवलं. कातडीला कापलं तर रक्त येतं, गोठतं, त्या गुठळीच्या आधारानं नव्या पेशी येऊन जखम बुजते. जिथं रक्तच पोचत नाही तिथं ही डागडुजी करणार कोण? कूर्चेतल्या स्वतःच्या पेशी आकारमानाच्या अवघ्या काही टक्के, त्याही एकेकट्या आपल्या कप्प्यात कोंडलेल्या. त्यांना अन्न मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून. चाललं की गादी दबते, सुटते, स्पंजासारखं वंगण आत ओढते. ज्या खात्यातून रोज पैसे काढले जातात आणि भरणा जवळपास नाही, अशी खाती मी पुष्कळ पाहिली आहेत.

निबंधानंतर वर्षाच्या आत एक घाव बसला. डग्लसच्या मुलीशी, मार्था जेनशी, त्याचं लग्न ठरलं होतं. १७४४ मध्ये ती वारली. विल्यमनं नंतर लग्न केलं नाही. कामात स्वतःला गाडून घेतलं, असं चरित्रकार लिहितात. असं लिहायला सोपं असतं.

१७४६ मध्ये त्यानं लंडनमध्ये शरीररचनेचे वर्ग सुरू केले. त्या काळी एका प्रेताभोवती शेपन्नास विद्यार्थी माना उंचावून उभे राहत. हंटरनं पॅरिसच्या पद्धतीनं प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः चिरून पाहायला प्रेत द्यायचं ठरवलं. विद्यार्थी लोटले. आता इतकी प्रेतं आणायची कुठून? कायद्यानं फाशी गेलेल्या थोडक्या कैद्यांचीच मिळत. बाकीची कबरी उकरून रात्री आणली जात, आणि हंटरच्या शाळेचा दरवाजा त्या व्यापाराला बंद नव्हता. १७४८ मध्ये खेड्यातून आलेला, शाळेत न रमलेला जॉन भावाच्या हाताखाली लागला आणि ही सगळी काळी बाजू बऱ्याच अंशी त्याच्याकडे आली. ज्या गरिबांच्या देहांवर ते शास्त्र उभं राहिलं त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. विल्यमचं चरित्र वाचताना मन भारावतं तेव्हा हेही ध्यानात ठेवावं लागतं.

शिकवण्यात मात्र त्याला तोड नव्हती. डॉक्टरीशी संबंध नसलेली माणसंही ऐकायला येत. रोमच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिणारा गिबन येऊन बसे आणि आम्हा बँकवाल्यांचा मूळपुरुष ॲडम स्मिथही. शस्त्रक्रिया सोडून तो सुईणविद्येकडे वळला तो याच सुमारास. बाळंतपणात पुरुष डॉक्टरनं हात घालणं तेव्हा लोकांना खटकत असे. हंटर जात्याच हात आखडता घेणारा. आपला चिमटा विद्यार्थ्यांना दाखवून तो सांगे, की हा गंजला आहे, कारण वापरायची वेळ येऊ दिली नाही. १७६२ मध्ये राणी शार्लट हिच्या पहिल्या बाळंतपणाला त्याला राजवाड्यात बोलावलं. बाळंतपण सुईणीनंच केलं, हा शेजारच्या खोलीत थांबून होता. पण तेवढ्यानं नशीब फळफळलं. १७६४ मध्ये तो राणीचा वैद्य झाला. मोठ्या घरांची रीघ लागली, पैसा वाहू लागला.

पैशाचं त्यानं काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. सरकारला त्यानं कळवलं, की जागा द्या, सात हजार पौंड मी घालतो, शरीररचनेची शाळा उभारू. सरकारनं दाद दिली नाही. मग त्यानं ग्रेट विंडमिल स्ट्रीटवर स्वतःच्या पैशानं घर, व्याख्यानगृह आणि संग्रहालय बांधलं आणि १७६८ मध्ये तिथं राहायला गेला. (त्या घराचा दर्शनी भाग आज लंडनच्या लिरिक थिएटरमध्ये सामावलेला आहे.) स्वतःचं जेवण साधं, पाहुणे आले तरी ताटात एक-दोनच पदार्थ. उरलेला पैसा संग्रहात. नुसत्या जुन्या नाण्यांवर त्यानं वीस हजार पौंडांहून जास्त खर्च केला. ग्रंथ, हस्तलिखितं, शंखशिंपले, रेम्ब्रांटचं चित्र, शार्दँचं चित्र. हिशेबी माणसाला हे वेड परवडणारं वाटत नाही, पण त्याचा हिशेब वेगळा असावा.

या संग्रहात आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. १७६७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर क्रॉमेलिन यानं लॉर्ड क्लाइव्हला भेट म्हणून नीलगायींची एक जोडी जहाजानं विलायतेला पाठवली. नंतर आणखी एक जोडी राणीला नजर झाली. विदर्भातले शेतकरी ज्याला रोही म्हणून शिव्या घालतात तोच हा प्राणी. हंटरनं काही काळ नर नीलगाय आपल्या ताब्यात ठेवून त्याचं निरीक्षण केलं. ते जनावर किती गरीब आहे, हात कसं चाटतं, भांडताना गुडघे कसे टेकतं, हे सगळं त्यानं १७७१ मध्ये रॉयल सोसायटीच्या अंकात छापलं. शब्दांनी भागणार नाही म्हणून जॉर्ज स्टब्सकडून १७६९ मध्येच चित्र काढून घेतलं होतं. ते अजून ग्लासगोत आहे. ज्या माणसानं माणसाच्या गुडघ्याबद्दल लिहिलं त्यानं मुंबईहून गेलेल्या नीलगायीचे गुडघेही सोडले नाहीत, याची मला मौज वाटली.

१७७४ मध्ये गर्भाशयावरचा त्याचा प्रचंड ग्रंथ निघाला. ३४ चित्रं, बहुतेक यान व्हान रिम्सडाइक या चित्रकाराच्या हातची. पंचवीसेक वर्षांचं काम. पोटातलं मूल इतक्या खरेपणानं आधी कोणी दाखवलं नव्हतं. आणि याच कामावरून दोघा भावांत विस्तव पडला. वार आणि गर्भाशय यांचं रक्ताभिसरण वेगळं असतं, हा शोध आपला, असं जॉननं १७८० मध्ये सोसायटीपुढं मांडलं. विल्यमनं तिथंच हरकत घेतली. शोध १७५४ मधला, म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वीचा. वाद कोण बरोबर याचा नव्हताच, श्रेयाचा होता. सोसायटीनं दोघांपैकी कुणाचंच छापलं नाही. वाटणीवरून बांध फुटलेले भाऊ वाळवा तालुक्यात कमी नाहीत, पण ते निदान उसाच्या सरीवरून भांडतात.

ज्या विल्यमनं सांध्यांवर लिहून नाव मिळवलं त्याचे स्वतःचे सांधे उतारवयात गाउटनं, म्हणजे वातरक्तानं, पोखरले. मार्च १७८३ मध्ये अशाच एका झटक्यातून उठून, सगळ्यांचा विरोध मोडून, तो व्याख्यानाला उभा राहिला. बोलता बोलता शुद्ध हरपली, विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत उचलून बिछान्यावर न्यावं लागलं. दहा दिवसांनी, ३० मार्चला, तो गेला. शेवटच्या आजारात जॉन येऊन शुश्रूषा करत होता. मृत्युपत्रात मात्र जॉनला काही नव्हतं. लाँग काल्डरवुडचं शेत भाचा मॅथ्यू बेली याला दिलेलं. बेलीनं ते आपण होऊन मामाला, जॉनला, देऊन टाकलं. संग्रह ग्लासगोच्या विद्यापीठाला, इमारतीसाठी आठ हजार पौंडांसह. १८०७ मध्ये तिथं ते संग्रहालय उघडलं आणि आजही आहे.

मरणाच्या वर्षीच त्याचा आणखी एक निबंध वाचला गेला, तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. अविवाहित आईचं मूल मेलेलं सापडलं की तिला खुनी ठरवून फासावर देत. मुलाचं फुप्फुस पाण्यात तरंगलं म्हणजे ते जिवंत जन्मलं होतं, असा पुरावा धरत. हंटरनं दाखवलं, की हा पुरावा भरवशाचा नाही आणि भरवशाचा नसलेल्या पुराव्यावर बाईचा जीव घेणं बरोबर नाही. आपल्याला नक्की काय माहीत आहे आणि काय नाही, यातली रेघ ओढायची त्याची तऱ्हा पंचविसाव्या वर्षी होती तीच पासष्टाव्या वर्षीही राहिली.

आता ताईच्या पुस्तिकेकडे येतो. हंटरच्या त्या वाक्याला अडीचशे वर्षं धडका देणं चालू आहे. इंग्लंडमध्ये प्रायडी यानं १९५९ मध्ये गादीखालच्या हाडाला भोकं पाडून मगजातलं रक्त वर आणलं. गादीसारखं काही तरी उगवलं, पण ते राठ, व्रणासारखं, कमी टिकाऊ. १९९४ मध्ये स्वीडनच्या ब्रिटबर्ग आणि पीटरसन यांनी २३ रुग्णांच्या स्वतःच्या कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यातल्या खड्ड्यात बसवल्या आणि जगभर खळबळ उडाली. त्या पद्धतीचं उत्पादन २०१७ मध्ये मुंबईच्या एका कंपनीसाठी भारतातही मंजूर झालं. पण ते खेळाडूच्या दुखापतीनं पडलेल्या एखाद्या खड्ड्यासाठी. सगळीकडून विरत गेलेल्या धोतराला एक ठिगळ पुरत नाही, तशी म्हातारपणच्या झिजेची गत.

मूळपेशींकडून आशा मोठी होती. आर्नल्ड कॅप्लन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९९१ मध्ये मगजातल्या या पेशींना मूळपेशी हे नाव रूढ केलं. त्याच कॅप्लननं २०१७ मध्ये लेख लिहून ते नाव बदला म्हणून सांगितलं. या पेशी शरीरात गेल्यावर स्वतः नवी गादी होत नाहीत, त्या आजूबाजूला औषधी निरोप धाडतात, असा त्याचा मुद्दा. मला हे वाचून हंटर आठवला. आपणच दिलेलं नाव परत घ्यायला धारिष्ट लागतं.

मग तपासण्या पाहिल्या. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात सौम्य ते मध्यम झीज असलेल्या २८८ लोकांना दोन गटांत वाटलं. एकाला रक्तातल्या प्लेटलेटचं, म्हणजे ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय दिलं ते कुणालाच ठाऊक नाही. वर्षानंतर दहापैकी मोजलेली वेदना पहिल्या गटात २.१ नं उतरली आणि मिठाच्या पाण्यावाल्यांत १.८ नं. गादीच्या आकारमानातही सांगण्यासारखा फरक नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत पावणेपाचशे रुग्णांवर तीन प्रकारच्या पेशी आणि साधं स्टेरॉइडचं इंजेक्शन यांची तुलना झाली. वर्षअखेर कुठलीही पेशी स्टेरॉइडच्या पुढं गेली नाही. स्प्रिफर्मिन नावाचा एक बनवलेला ग्रोथ फॅक्टर मात्र खरोखर गादी जाड करतो, असं २०१९ मध्ये ५४९ लोकांत दिसलं. किती, तर दोन वर्षांत ०.०५ मिलिमीटर, म्हणजे एका बारीक केसाइतकी. वेदनेत फरक नाही.

एका बाजूचंच सांगितलं तर ते लेखापरीक्षण होणार नाही. बंगळूरच्या कंपनीनं दात्याच्या मगजातून केलेल्या पेशींच्या औषधाला २०२२ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी गुडघ्यासाठी मंजुरी दिली. १४६ रुग्णांच्या चाचणीत त्यांची वेदना पेशी नसलेल्या इंजेक्शनपेक्षा जास्त कमी झाली होती आणि गादीची घसरण थोपल्यासारखी दिसली. म्हणजे दार बंद झालेलं नाही. पण वेदना उतरणं एक आणि गादी नव्यानं उगवणं दुसरं. शिवाय मंजूर झालेलं औषध वेगळं आणि कुठल्याशा दवाखान्यात कमरेतून मगज उपसून त्याच दुपारी टोचणं वेगळं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना रक्ताच्या ठरावीक विकारांपुरताच मूळपेशींचा उपचार रुळलेला मानतात. बाकीचं संशोधनात येतं, आणि संशोधनाला रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पुस्तिकेत यातलं अक्षर नव्हतं.

हे सगळं एका वहीत लिहून मी आष्ट्याला गेलो. ताईला हंटरची गोष्ट सांगितली, नीलगायीसकट. तिनं ऐकून घेतली आणि विचारलं, की मग देवानं न भरणारी गोष्ट दिलीच कशाला. मला उत्तर आलं नाही. मग मी वजनाचा हिशेब काढला. शरीराचं एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चारेक किलोंचा भार कमी होतो, हे मोजलेलं आहे. आठ किलोंना बत्तीस. तेही दर पावलाला. व्याजाचा असा दर कुठलीच बँक देत नाही, हे तिला पटलेलं दिसलं, निदान चेहऱ्यावरून. रात्री तिनं भाकरी दीडच खाल्ली. सकाळी मात्र शेजारच्या वहिनींना विचारत होती, की त्यांच्या भाचीला त्या इंजेक्शनांचा गुण आला होता ना. आला होता म्हणे. मिठाच्या पाण्यावाल्यांनाही आला होता, पण मी गप्प बसलो. ज्याचं दुखतं त्याला टक्केवारी सांगून कधी भागत नाही, हे मला वसुलीच्या काळापासून ठाऊक आहे.

भावईच्या दिवसांत पुन्हा गेलो होतो. चौंडेश्वरीच्या देवळाशी गर्दी लोटलेली, ताई पायऱ्यांच्या कडेनं, एका हातानं भिंत धरत, पण चढून गेली. पाच किलो उतरलं आहे. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा व्यायाम ती आता दूरदर्शनवरची मालिका बघताना करते, जाहिरात लागली की पाय खाली. पुस्तिका अजून देव्हाऱ्याच्या फडताळात, पंचांगाखाली आहे. ठेवीची मुदत त्याच आठवड्यात भरली. पावती घेऊन मीच तिच्याबरोबर बँकेत गेलो. वर्षासाठी लाव, दर बरा मिळतो, असं मी सुचवलं. ताईनं अर्जावर सहा महिने लिहायला लावले.